हलका स्वार

तोळ्याची बरगडी शिंकेने मोडली.

सकाळी बेसिनपाशी दात घासत असताना त्याला एक दणकट शिंक आली आणि छातीच्या डाव्या बाजूला काहीतरी कट् झालं. ब्रश हातातून पडला. उजवा हात आधीच प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हाताने बेसिनची कड धरून तो तसाच वाकून उभा राहिला.

बायको स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं हो?"

"शिंकलो."

"मग?"

"मोडलं काहीतरी."

तिला आधी हसू आलं. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि गॅस बंद करायला गेली.

तोळा हे त्याचं खरं नाव नव्हे. मिसरूड फुटायच्या आधी तो मास्तरांच्या तबेल्यात शिकायला आला, तेव्हा मास्तरांनी त्याला बखोटीला धरून वजनकाट्यावर उभं केलं होतं. काटा जेमतेम हलला. "हा काय माणूस आहे का? तोळाभर आहे नुसता!" ते म्हणाले, आणि ते नाव त्याला चिकटलं ते कायमचं. मास्तर शर्यतीचे घोडे तयार करायचे. त्याआधी वीसेक वर्षं ते स्वतः जॉकी होते. त्यांच्या हाताखाली तोळा नावारूपाला आला, पुढे त्यांचाच जावई झाला. पण लग्नानंतरही तो सासऱ्यांना मास्तरच म्हणायचा, आणि मास्तरही जावयाला अहोजाहो करायच्या भानगडीत कधी पडले नाहीत.

जॉकीचा धंदा काट्यावर चालतो. कुठल्या घोड्याने पाठीवर किती भार घेऊन पळायचं हे शर्यतीआधी ठरतं. स्वार आणि खोगीर मिळून तेवढं भरावं लागतं. कमी भरलं तर खोगिराच्या कप्प्यात शिसं घालून जुळवता येतं. जास्त भरलं तर स्वार बदलतात. म्हणून हलक्या स्वाराला मागणी जास्त, आणि तोळ्याइतका हलका स्वार त्या मैदानावर दुसरा नव्हता. सकाळी काळी कॉफी, दुपारी सफरचंदाच्या दोन फोडी, संध्याकाळी काहीतरी चघळल्यासारखं करायचं. शर्यतीच्या आदल्या दिवशी रबरी कपडे घालून पळायचं, मग वाफेच्या खोलीत बसून घाम काढायचा. शर्यतीच्या दिवशी पाणीसुद्धा नाही. शेवटच्या वळणावर कधी कधी डोळ्यांपुढे अंधारी यायची. त्याचं त्याला विशेष काही वाटत नसे. सगळ्यांनाच येते, असं तो धरून चालला होता.

हात मोडला तोही शर्यतीत नाही. फटाकडी नावाची मास्तरांची लाडकी घोडी शांत उभी होती. तोळा तिच्यावरून उतरला, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि त्याने हात टेकला. पडणं इतकं किरकोळ की घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आधी खो खो हसले. तोळाही हसला. मग मनगटाकडे पाहिलं तर ते भलत्याच दिशेला वळलेलं.

ते मनगट अजून जुळलं नव्हतं, आणि त्यात ही बरगडी. इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी जुने-नवे एक्स-रे शेजारी शेजारी लावले, बराच वेळ हनुवटी खाजवली आणि त्याला तळमजल्यावरच्या पुनर्वसन विभागात पाठवलं. "तिथल्या बाईंना दाखवा. हे नुसतं हाडाचं काम दिसत नाही."

तळमजल्यावर एक लांबलचक खोली होती. एका भिंतीला आरसे, मधोमध धरून चालायचे लोखंडी बार, कोपऱ्यात निळ्या गाद्यांची चवड. एक आजोबा पायाला वाळूची पिशवी बांधून पाय वर-खाली करत होते आणि प्रत्येक वेळी कुणाला तरी शिव्या घालत होते. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, कापलेले केस, पायात कापडी बूट. त्यांनी तोळ्याला खुर्चीत बसवलं आणि हाताबिताकडे न बघता विचारलं, "काल दिवसभरात काय खाल्लंत?"

"जेवलो की."

"काय जेवलात?"

तोळा आठवू लागला. बायको शेजारीच होती. तिने सांगून टाकलं, "अर्धं उकडलेलं अंडं. आणि काकडी."

"अर्धंच? उरलेल्या अर्ध्याचं काय झालं?"

"ते मी खाल्लं," बायको म्हणाली. "रोज मीच खाते. म्हणून मी अशी."

ती चांगली अंगापिंडाने भरलेली होती. डॉक्टरीणबाई हसल्या, पण प्रश्न थांबले नाहीत. थंडी वाजते का? बारा महिने. झोप? तुटक. केस? उशीवर रोज दिसतात. चिडचिड? यावर तोळा म्हणाला "नाही" आणि त्याच क्षणी बायको म्हणाली "हो". मग बाईंनी बायकोला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल दोन सरळ प्रश्न विचारले. तोळ्याने खाली मान घालून त्यांची खरी उत्तरं दिली. हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याचा जेवणाशी काही संबंध असेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

रक्त तपासलं, हाडांची घनता मोजली. पुढच्या खेपेला बाईंनी अहवाल टेबलावर उलटा ठेवला आणि तोंडानेच सांगितलं.

"तुमची हाडं सत्तरीच्या माणसाची आहेत."

"मी पस्तिशीचासुद्धा नाही."

"तेच सांगते. शरीराला रोज ठरावीक ऊर्जा लागते. ती मिळाली नाही की ते काटकसर करायला लागतं. जगायला जे अगदी लागतं तेवढं चालू ठेवतं आणि बाकीची दुकानं बंद करतं. हाडं भरून काढणं बंद. पुरुषाचं संप्रेरक बनवणं बंद. अंग गरम ठेवणं कमी. तुम्ही वर्षानुवर्षं असेच जगताय. त्यात घाम काढून अंगातलं पाणी काढता. मग तोल जातो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि जो माणूस जास्त पडतो, त्याचीच हाडं कच्ची."

"पण औषध काय?"

"कॅल्शियम देते, ड जीवनसत्त्व देते. पण ते तोंडी लावणं झालं. औषध म्हणजे जेवण."

तोळ्याने मनात होतं ते विचारलं. "घोड्यावर कधी बसू?"

आहारतज्ज्ञ शेजारच्याच खोलीत बसत. सहा फुटी, दरवाजाएवढ्या खांद्यांचा गडी, एके काळी होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारलेला. ते समोर बसले की तोळा त्यांच्या सावलीतच यायचा. त्यांनी एकदम ताटभर जेवायला सांगितलं नाही. इतकी वर्षं उपाशी राहिलेल्या माणसाला घाईने भरवलं तर उलट अपाय होतो, म्हणून थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. दूध, अंडी, मासे, बटाटे, कडधान्यं, मूठभर सुका मेवा. "हाड जुळायला आणि स्नायू धरायला प्रथिनं लागतात," ते म्हणाले, "पण नुसती प्रथिनं घेऊन बाकी पोट रिकामं ठेवलंत तर शरीर तीच जाळून टाकेल. तेव्हा भात-पाव बघून पळायचं नाही."

तोळ्याने मान डोलावली. घरी येऊन त्याने काय केलं तर पहिलं पेलाभर दूध मागच्या दारी मांजराच्या ताटलीत ओतलं.

त्यात लबाडी कमी आणि भीती जास्त होती. मोसमातली मोठी शर्यत काही महिन्यांवर आली होती. फटाकडीवर हलकं वजन पडलं होतं, ते या मैदानावर फक्त तोच भरू शकत होता. आज पेलाभर दूध प्यायलं तर उद्या काटा सरकणार, आणि एकदा सरकला की परत आणायला किती मरावं लागतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. हात जुळला की लगेच बसायचं, तोवर वजन राखायचं, असा त्याचा हिशेब. सुका मेवा खिशात जायचा आणि तबेल्यात मोतद्दारांना मिळायचा. अंडं तो बायकोसमोर पूर्ण खायचा. पण मग दिवसभर बाकी काहीच नाही.

काही आठवड्यांनी परत एक्स-रे काढला. मनगट अजिबात जुळलं नव्हतं. आहारतज्ज्ञांनी त्याला काट्यावर उभं केलं, आकडा बघितला, मग बायकोकडे वळून अगदी सहज विचारलं, "घरी कुत्रं-मांजर आहे का हो?"

"आमचं नाही, पण एक येतं मागच्या दारी. हल्ली काय गुबगुबीत झालंय!" ती कौतुकाने बोलून गेली आणि वाक्य संपता संपता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा उघड्या दारातून आरशातल्या आजोबांकडे बघत होता.

ती तिथे काही बोलली नाही. घरी गेल्यावर मात्र बोलली, आणि शेजारच्यांनाही ऐकू गेलं.

त्याच सुमारास मास्तर स्वतः इस्पितळात आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. जावयाच्या तपासणीच्या वेळेला ते कोट-टोपी घालून हजर झाले आणि डॉक्टरीणबाईंच्या समोरची खुर्ची ओढून बसले. तोळा आणि त्याची बायको मागे उभी राहिली.

"बाई, मोठी शर्यत जवळ आली. हा कधी बसेल?"

"हाड जुळलं की."

"ते कधी जुळेल?"

"जेवायला लागले की."

मास्तर हसले. "हाडाला प्लास्टर लागतं. जेवणाचा काय संबंध?"

"गवंडी कामावर हजर आहे, पण विटाच आल्या नाहीत तर भिंत कशी चढेल? प्लास्टर हाड जागेवर धरतं. हाड बनवायचं काम शरीराचं, आणि त्यासाठी लागणारा माल ताटातून येतो." मग बाई जरा पुढे झुकल्या. "मास्तर, मी ऐकलंय की तुमच्या घोडीचा खुराक तुम्ही स्वतः मिसळता. तिने एक वेळ तोंड लावलं नाही तर पशुवैद्याला बोलावता. मग या माणसाला..."

"घोड्याला काट्यावर कुणी उभं करत नाही," मास्तर म्हणाले. "स्वाराला करतात. मला सांगा, याला मी पोटभर जेवू घातलं आणि वजन वाढलं, तर घोड्यावर कोण बसेल? तुम्ही?"

 बाईंनी ते मनात घोळवलं, आणि वाद घातला नाही.

"बरोबर आहे तुमचं. तुमच्या मैदानावरचा नियम मला बदलता येत नाही. मी फक्त एवढंच सांगू शकते, की या वजनावर या माणसाचं हाड जुळणार नाही. आणि कसंबसं जुळलं, तरी पुढचं मोडेल. ते मनगटच असेल असं नाही. मणकाही असू शकतो."

"आम्ही नाही का काढली उभी हयात? आम्हाला काय झालं?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मास्तरांचा कोट चांगल्या कापडाचा, जुना, खांद्यात नीट बसलेला. पण तो गुडघ्यांच्या खाली आला होता.

"हा कोट तुम्ही शिवून घेतलेला आहे?"

"हो. का?"

"तेव्हा लांबीला बरोबर होता?"

मास्तरांना प्रश्नाचा रोख कळेना. "शिंपी नावाजलेला होता. बरोबरच असणार."

"जरा उभे राहता? भिंतीला पाठ लावून. टाचा भिंतीला, डोकंही भिंतीला."

मास्तर कुरकुरत उभे राहिले. टाचा लागल्या, पाठ लागली. डोकं काही केल्या लागेना. मान ताणली, हनुवटी वर केली, तरी भिंत आणि डोकं यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं.

तोळ्याची बायको मागून बघत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमच्या विजारी मी दर वर्षी खालून दुमडते. मला वाटायचं, धुवून धुवून कापड सैल पडतंय."

"वय झालंय माझं!" मास्तर ओरडले.

"वय झालंच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण नुसत्या वयाने माणूस एवढा खचत नाही. मला वाटतं, तुमचे मणके दबलेत. एक-दोन कदाचित मोडूनही गेलेत. पाठ दुखते का?"

 मास्तर टोपी उचलून निघून गेले. जाताना दार आपटायचं होतं, पण ते आपोआप बंद होणारं दार होतं. हळूहळू, सुस्कारा सोडत बंद झालं.

परतताना बसमध्ये नवरा-बायको एका बाकावर बसले होते.  बायकोला सारखं आठवत होतं. लहानपणी बाबा तिला खांद्यावर बसवून तबेल्यात न्यायचे. वरून खाली बघताना तिला भीती वाटायची. आता ती चपलेशिवायसुद्धा बाबांपेक्षा उंच होती.

त्या संध्याकाळी जेवायला तिघं बसली. त्यांची मुलगी सहा-सात वर्षांची, दात पडलेली, अखंड बडबड करणारी. ताटात अंडं आलं तसं तिने सुरीने नीट मधोमध कापलं, अर्धं आपल्याकडे ठेवलं आणि अर्धं आईच्या ताटात सरकवलं.

"हे काय?" आईने विचारलं.

"मला एवढं बास. बाबा एवढंच खातात."

"बाबा घोड्यावर बसतात म्हणून."

"मीपण बसणार आहे," मुलगी म्हणाली. "आजोबा म्हणाले, तू पण बसशील, पण हलकं राहायला पाहिजे."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं नाही. ते अर्धं अंडं तिने परत मुलीच्या ताटात ठेवलं. "खा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज असा निघाला की मुलगी दचकून खायला लागली.

तोळा बराच वेळ ताटाकडे बघत बसला होता. मग त्याने भाताचं भांडं आपल्याकडे ओढलं. डाव्या हाताने वाढून घेताना निम्मा भात टेबलावर सांडला. जेवढा ताटात पडला, तेवढा त्याने संपवला.  शेवटी शेवटी कपाळावर घाम आला होता, वाफेच्या खोलीत यायचा तसा.

दुसऱ्या दिवशी बायकोने घरातला वजनकाटा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि इस्पितळात आहारतज्ज्ञांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "हा तुमच्याकडे ठेवा. वजन तुम्हीच करा, आम्हाला आकडा सांगू नका."

खाणं ही सोपी गोष्ट असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी तोळ्याला त्या दिवसांत बघायला हवं होतं. पोट फुगायचं. रात्री मळमळायचं. पाय सुजले, तेव्हा तो घाबरून इस्पितळात धावला. तिथे रक्त तपासून, खाण्याचं माप जरा कमी करून त्याला परत पाठवलं. आरशात गालांवर थोडं मांस दिसलं की तो दिवसभर कुणाशी बोलायचा नाही. एकदा भर जेवणात उठून तो म्हणाला, "मी संपलो. तुम्ही सगळ्यांनी मिळून मला संपवलंत." आणि बाहेर चालता झाला. मैदानाच्या कुंपणाला फेरी मारून परत आला, तर ताट झाकून ठेवलेलं होतं. उभ्याउभ्याच जेवला.

पण हळूहळू काही गोष्टी बदलल्या. आधी पायमोजे सुटले. झोपताना तो दोन दोन पायमोजे घालायचा, ते एके दिवशी बायकोला पलंगाखाली सापडले आणि त्याला आठवतही नव्हतं कधी काढले ते. मग झोप लागायला लागली. मग तो मुलीच्या विनोदांवर हसायला लागला, आणि तिचे विनोद काही फार चांगले नव्हते. एका रविवारी दुपारी मुलगी शेजारी खेळायला गेलेली असताना त्याने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, आणि बायको लाजून म्हणाली, "अहो, दूध उतू जाईल." दूध उतू गेलं.

मनगटाच्या एक्स-रेमध्ये धुरकट पांढरी रेघ दिसली. हाडांचे डॉक्टर म्हणाले, धरतंय. प्लास्टर निघालं तेव्हा आतला हात काडीसारखा झाला होता. आता तळमजल्यावरचं काम सुरू झालं. मऊ चेंडू दाबायचा, मग जरा कडक चेंडू, मग रबराची पट्टी, मग छोटं वजन. पूर्वी त्याने व्यायाम म्हणून जे केलं होतं ते सगळं घाम काढण्यासाठी. ताकद यावी म्हणून कसरत करायची आणि वरून खायचं, हे त्याला नवीन होतं. वाळूच्या पिशवीवाल्या आजोबांशी त्याची गट्टी जमली. कोणाचा स्नायू आधी दिसतो अशी त्यांची पैज लागली. आजोबा हरले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या.

मोठी शर्यत त्याच्याशिवाय झाली. फटाकडीवर मास्तरांनी बाहेरगावचा एक पोरसवदा जॉकी बसवला. तोळा कुंपणाशी उभा राहून बघत होता. घोडी शेवटच्या वळणावर पुढे आली, तिचे कान मागे गेले, आणि आता काय करायला हवं हे त्याच्या दोन्ही हातांना माहीत होतं. लगाम नव्हता, तरी मुठी वळल्या. फटाकडी जिंकली. लोक ओरडत होते. तोही ओरडला, मग पाठ फिरवून पागेच्या मागे गेला आणि गवताच्या भाऱ्यावर बसून रडला. बायकोने त्याला शोधून काढलं, शेजारी बसली, आणि पिशवीतून पाव आणि उकडलेले बटाटे काढले. "रडा," ती म्हणाली, "पण खात खात रडा. तुमची वेळ झाली."

जिंकलेला पोरगा वजनाच्या खोलीतून बाहेर आला तो भिंत धरत. ओठ पांढरे पडले होते. मास्तरांनी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि पोरगा तिथेच खाली बसला. त्याला पाणी पाजलं, साखर खायला घातली. थोड्या वेळाने उठला, फोटोला उभा राहिला. असं मास्तरांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. स्वतःही असे कितीदा बसले असतील. त्या दिवशी मात्र ते बराच वेळ त्या पोराच्या मनगटांकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात आपल्या लेकीला, तोळ्याच्या बायकोला, फोन करून ते म्हणाले, "ती बाई कुठल्या वारी बसते?"

मणके तीन ठिकाणी दबलेले निघाले.  मास्तरांनी विचारलं, "आता सरळ होईन का?"

"नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गेलेली उंची परत येत नाही. पण आणखी जाऊ नये म्हणून करता येण्यासारखं पुष्कळ आहे. औषध देते. पाठीचे व्यायाम आहेत. आणि..."

"जेवण," मास्तर म्हणाले. "कळलं. त्या पहिलवानाकडे पाठवणार मला."

कवळी नीट बसत नसल्याने त्यांना चावायला त्रास व्हायचा, आणि ते कुणाला सांगायचे नाहीत. आहारतज्ज्ञांनी ते पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून वदवून घेतलं आणि आधी दाताच्या डॉक्टरकडे धाडलं. नवी कवळी आली तेव्हा मास्तरांनी भाजलेले शेंगदाणे मागवले आणि खोलीतल्या सगळ्यांना वाटले.

तोळा परत घोड्यावर बसला तो थंडी संपता संपता, सकाळच्या फेरीला. पहिल्या दिवशी मास्तर कुंपणापाशी उभे होते. फेरी संपवून तो आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मांडीत जोर आलाय."

"खातो ना," तोळा म्हणाला.

पूर्वीच्या वजनावर तो पुन्हा कधीच आला नाही. जे घोडे जास्त भार घेऊन पळतात त्यांच्यावर त्याला बसता येई, आणि असे घोडे थोडे. आधी मोसमभर त्याचं नाव पाटीवर असायचं, आता अधूनमधून दिसायचं. त्यातल्या एका शर्यतीत तो तिसरा आला. शेवटच्या वळणावर सगळं त्याला लख्ख दिसत होतं, पुढच्या घोड्याच्या खुरांतून उडणारी ढेकळंसुद्धा. तिसरा आल्याचा एवढा आनंद झालेला जॉकी लोकांनी आधी पाहिला नव्हता. काहींना वाटलं, याचं डोकं फिरलं.

मास्तरांनी प्रशिक्षकांच्या सभेत किमान वजन वाढवायची मागणी केली. लोक आदराने ऐकत होते, कारण मास्तर बोलत होते. मग एकाने विचारलं, "तुमच्या हलक्या वजनावर तुम्ही एवढ्या शर्यती जिंकलात, तेव्हा नाही का सुचलं?" मास्तर म्हणाले, "नाही सुचलं. आता सुचलंय." विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेत पुन्हा ढकलला. अजून तो तिथेच आहे. आपल्या तबेल्यापुरतं मात्र त्यांनी शिकाऊ पोरांचं जेवण सुरू केलं आणि वाफेची खोली बंद करून तिच्यात ताडपत्र्या भरल्या. त्यामुळे दोन मालकांनी आपले घोडे दुसरीकडे नेले. मास्तरांनी निरोप पाठवला, "सुखाने न्या."

पुढच्या मोसमानंतर तोळ्याने स्वतःहून शर्यती सोडल्या. आता तो नव्या शिंगरांना खोगिराची सवय लावतो. त्या कामाला हलका माणूस लागत नाही, शांत माणूस लागतो. मनगट पूर्वीइतकं वळत नाही. बाटलीचं घट्ट झाकण मुलीला किंवा बायकोला उघडायला द्यावं लागतं.

हाडांची घनता दरवर्षी मोजतात. गेल्या खेपेला अहवाल बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सत्तरीची होती, आता साठीची झालीत."

"म्हणजे मी तरुण होतोय?"

"होताय, पण फार हळू. पूर्ण भरून येतील असं मी सांगणार नाही."

"नका सांगू," तोळा म्हणाला. "चालेल."

आणि आरशांच्या खोलीत, जिथे मास्तर रबराची पट्टी ताणत एका नव्या पेशंटला घोडा कसा पारखायचा ते समजावत होते, तिथे तो त्यांची व्यायामाची पाळी संपेपर्यंत थांबला. मग दोघं मिळून घरी गेले.